बांध पोखरणारा कोण ?

तुरीच्या शेंगा भरू लागल्या की भालकी, औराद, आळंद या सीमेवरील भागांत हिंडताना एक तक्रार आमच्या कानी येते : "खारींनी बांध पोखरला !" मग बिळांच्या तोंडाशी विषारी दाणे पडतात आणि मुले गलोली घेऊन खारीमागे धावतात. शिक्षेपूर्वी अपराध्याची ओळख पटवावी, हे बरे.

खार अथवा चानी, जिला आमचे कानडी बांधव 'अळिलु' म्हणतात, ती अंगाने ५-६ इंच भरते. जवळजवळ तेवढीच तिची झुबकेदार शेपटी. वजन सुमारे १०० ग्रॅम. दक्षिणेकडील जातीच्या पाठीवर ३ फिकट पट्टे असतात, उत्तरेकडील जातीच्या ५. दख्खनमध्ये दोन्ही जाती आढळतात. मुलांनी गलोल ठेवून पट्टे मोजावेत. मागचे पंजे उलट वळत असल्यामुळे ती खोडावरून डोके खाली करून उतरते. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ती सदा काही ना काही कुरतडते. ती दिवसा हिंडते. रात्री झाडावरील वा छपरातील गवताकापसाच्या घरट्यात निजते.

बिळात राहणाऱ्या खारी जगात आहेत. पण त्या अमेरिकेत व मध्य आशियाच्या माळांवर. आपल्या देशात त्यांच्या कुळातला मार्मोट तेवढा आहे. तो लडाखसारख्या हिमालयीन प्रदेशात राहतो, अंगाने सुमारे दोन फूट असतो आणि हिवाळाभर बिळात झोपून काढतो. बिदर-कलबुर्गीत बीळ खणणारी खार नाही.

मग बांध पोखरतो कोण ? घुशी आणि शेतातले उंदीर. त्यांतील एका उंदराचे मागचे पाय लांब, शेपटी लांब व तिच्या टोकाशी काळ्या केसांचा झुपका. कंदिलाच्या उजेडात तो टुणटुण उड्या मारीत गेला, तर खारीचा भास व्हावा यात नवल नाही. परंतु तो निघतो रात्री, आणि त्याच्या पाठीवर पट्टे नसतात.

खार अगदी निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. ती फळे व दाणे खाते. तशी किडेही खाते. मात्र उघड्यावर टाकलेले विष दिवसा खार, पाखरे व घरच्या कोंबड्या टिपतात. विष घालणे भागच असेल, तर ते बिळात खोल घालून तोंड बुजवावे आणि उरलेले मुलांच्या हाती लागू देऊ नये. चोर रात्रीचा असता दिवसा हिंडणाऱ्या खारीने प्राण का गमवावा ?