जेवायला किती जण?

दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणं सुरू झाली की धामापूर परिसरातल्या घरगुती निवासांचे फोन वाजू लागतात. पलीकडून पहिला प्रश्न एसीचा असतो, दुसरा 'शेवटचा रेट काय?' घरातल्या बाईला मात्र वेगळंच विचारायचं असतं: 'जेवक किती माणसां आसत?' याचं धड उत्तर न देता लोक पैसे भरून मोकळे होतात. पुढच्या बहुतेक कुरबुरी तिथूनच सुरू होतात.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात चार माणसं वाढली तरी चालून जातं. इथे रांधणारी एक बाई आणि मदतीला फार तर सासू किंवा मुलगी. धामापूर मालवण तालुक्यात असलं तरी समुद्रकाठी नाही. मासळी मालवणच्या बाजारातून आणावी लागते. वड्यांचं पीठ काही तास आधी मळून ठेवायचं, नारळ खवून वाटप करायचं. सहा जणांची सुरमई आणली आणि तिघेच आले, तर तो तोटा त्या घराचा. बेत रद्द झाला तर निदान फोन करावा. ॲपवर बटण दाबलं की त्या घरापर्यंत निरोप पोचला, असं समजू नये; रेंज नसेल तर तो संध्याकाळीच दिसतो.

माझ्या मते चांगला निरोप असा असतो: 'वहिनी, नमस्कार. शनिवारी दुपारी एकपर्यंत पोचतो. पाच मोठे, एक लहान; दोघं शाकाहारी. आईला जिना चढवत नाही. कुडाळला गाडीला उशीर झाला तर फोन करतो.' एवढ्यावर घर कामाला लागतं. भाव करायचा तोही याच वेळी करावा. जेवून उठल्यावर घासाघीस करणं मला अत्यंत अशोभनीय वाटतं.

यजमानांनीही आता मोकळेपणाने सांगायला हवं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने घरांची दारं पाहुण्यांना उघडली. तरीही 'सगळी सोय असा' या एका वाक्यावर भागवलं जातं. न्हाणीघर खोलीबाहेर असेल, शेवटचा रस्ता कच्चा असेल, पावसात वीज जात असेल, तर ते आधीच लिहावं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, श्रावणात कित्येक घरांत मासे शिजत नाहीत, चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? खरं सांगितल्याने एखादं गिऱ्हाईक जाईल, पण जे येईल ते रुसून परत जाणार नाही.

आणि धामापूरच्या तळ्याचं. विजयनगरच्या काळात, १५३० साली, नागेश देसाई यांनी ते बांधलं. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. आजही ते गावाच्या वापरातलं पाणी आहे. काठावर भगवतीचं देऊळ आहे. पाण्यात उतरायचं का, कुठे, होडी मिळते का, हे यजमानांना आरक्षणाच्या वेळीच विचारावं. त्यांनी 'नको' म्हटलं, तर मुलांनाही ते घरून निघतानाच सांगून ठेवावं.