पेटीची ऊब, आईची ऊब

वेळेआधी जन्मलेले मूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची पेटी येते. पेटीत बाळ, पेटीपाशी नर्सबाई. आणि आई? ती दाराबाहेर! माझ्या काकूचे मूल आठव्या महिन्यात झाले, तेव्हा मी डबा घेऊन रुग्णालयात जात असे. काकू दिवसभर व्हरांड्यात सतरंजीवर बसलेली असे. आईमुळे आत जंतू जातील, असे सांगण्यात आले आणि आम्ही ते निमूट मानले. शिकलेल्या माणसांना उलट विचारण्याची आमच्या घरी रीत नाही. मूल वाचले, पण काकूच्या कुशीत ते बाविसाव्या दिवशी आले. तोवर तिचे दूध आटले होते.

आईला बाहेर ठेवणे खरोखर आवश्यक असते काय?

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांच्या माता-बाल रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळे फार आणि पेट्या थोड्या होत्या. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत. जंतुसंसर्गाने ती दगावत. डॉ. रे यांनी बाळे आयांच्याच स्वाधीन केली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे, नाक मोकळे राहील अशी मान एका बाजूला वळवायची आणि वरून कापडाने बांधायचे. कांगारूचे पिल्लू पिशवीत वाढते तसे! आईच्या अंगाची ऊब मिळते, दूधही जवळ असते. पुढच्याच वर्षी डॉ. हेक्टर मार्टिनेझ या कामात सामील झाले.

कोणी म्हणेल, ही गरिबांची तडजोड आहे. पेटी परवडत नाही म्हणून आई! पण भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच ज्यांना छातीशी धरले, त्यांच्यापैकी पहिल्या २८ दिवसांत शेकडा १२ दगावली. ज्यांना आधी पेटीत वा शेगडीखाली ठेवले, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे १६. भारतातील बाळे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच शिफारस केली.

याचा अर्थ डॉक्टर, प्राणवायू, यंत्रे नकोत असा मुळीच नव्हे. ज्या बाळाला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याला यंत्र हवेच. या अभ्यासातही सारे उपचार चालूच होते. फरक एवढाच की आईची खाट त्याच दालनात होती. तेव्हा आई स्वस्त पडते म्हणून यंत्रांचा खर्च टाळणे हाही अन्यायच होईल.

आणि थोडा दोष आपल्याही पदरी आहे. दिवसाचे सोळा-सतरा तास बाळ छातीशी धरायचे, तर त्या ओल्या बाळंतिणीला खाट हवी, दोन वेळचे गरम जेवण हवे. घरची चूल, थोरले मूल, गुरेढोरे कोणी पाहायची? ती दमली तर बापाने, आजीने बाळ छातीशी घ्यायला लाज कसली?

नव्या पेटीसाठी वर्गणी गोळा होते, तिच्या उद्घाटनाला पाहुणे येतात. आईच्या खाटेचे उद्घाटन कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. पण दार उघडून ती खाट आत नेली, तर व्हरांड्यातील सतरंजी गुंडाळता येईल.