दहावीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेत मुलांना बोलू देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

मार्फत : मा. विभागीय सचिव, कोल्हापूर विभागीय मंडळ

विषय : दहावीच्या इंग्रजी विषयातील २० गुणांची तोंडी परीक्षा व वर्गातील बोलण्याचा सराव

महोदय,

आम्ही सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि तिथे शिकणाऱ्या मुलांचे पालक हे निवेदन सादर करीत आहोत. दहावीच्या इंग्रजीला ८० गुण लेखी व २० गुण तोंडी आहेत. ही रचना कायम राहावी, अशीच आमची विनंती आहे. अडचण एवढीच की, हे २० गुण मिळवायला मुलाला बोलावे लागत नाही.

प्रत्यक्षात लेखी परीक्षेआधीच्या धांदलीत एखाद्या दुपारी अख्ख्या तुकडीची 'तोंडी' उरकली जाते. मूल येते, नाव सांगते, एखादी कविता म्हणते आणि जाते. 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' म्हटले की बहुतेकांचा छंद वाचन निघतो, कारण उतारा एकच असतो आणि तो वहीतून वहीत गेलेला असतो. ज्याला तेवढेही जमत नाही, त्यालाही भरघोस गुण पडतात. याला केवळ शिक्षकाचा आळस म्हणू नये. लेखी व तोंडी मिळून ३५ गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो. तोंडीत १८ पडले, तर लेखीत १७ पुरतात. अशा वेळी एखाद्या शिक्षकाने काटेकोर गुण दिले, तर नुकसान त्याच्याच विद्यार्थ्यांचे होते. शेजारच्या शाळेत १९ देऊन झालेले असतात.

मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषांचे तोंडी गुण काढून १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली गेली, हे आपणांस स्मरत असेलच. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी होता, त्यामुळे सगळी घसरण तोंडी गुणांच्या माथी मारता येणार नाही. पुढे गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या काळात चर्चा खूप झाली, पण ती अकरावीच्या प्रवेशाची आणि इतर मंडळांच्या मुलांशी होणाऱ्या स्पर्धेची. मुले इंग्रजी बोलतात का, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ कोणी विचारलाच नाही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाने ही भाषा दहा वर्षे शिकलेली असते. तरी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्गात किंवा नोकरीच्या मुलाखतीत तो गप्प बसतो. त्याला शब्द येत नाहीत असे नाही. त्याच्या पेपरात चांगली वाक्ये असतात. पण चूक झाली की वर्ग हसणार, हे तो पाचवीतच शिकलेला असतो, आणि गप्प राहिले तरी गुण मिळतात, हे दहावीत शिकतो.

म्हणून आमची पहिली व मुख्य मागणी अशी, की वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशा तीन छोट्या चाचण्या घ्याव्यात आणि त्यांतल्या चांगल्या दोन धराव्यात. एक दिवस वाईट गेला म्हणून मूल खचू नये, हा त्यामागचा हेतू आहे. चाचणी जोडीने घ्यावी. दोघांना एक चित्र किंवा एक प्रसंग द्यावा : एसटी चुकली आहे, काय करायचे? गावच्या यात्रेत पाहुण्याला काय दाखवायचे? विचार करायला एक मिनिट द्यावे, आणि त्या मिनिटात मराठीत कुजबुजले तरी चालावे. आयईएलटीएससारख्या जगन्मान्य परीक्षेतही सलग बोलण्याआधी तयारीला एक मिनिट मिळते. आमच्या मुलांना ते का नसावे? वेळेचा प्रश्न येईल, तर त्याचा हिशोब असा : साठ मुलांच्या तीस जोड्या, प्रत्येकी आठ मिनिटे, म्हणजे चार तास. ३५ मिनिटांच्या सात तासिकांत एक चाचणी संपते.

गुण कशाला द्यायचे, याचा एक पानी तक्ता मंडळाने मराठीत द्यावा. बोलणे समजते का, जोडीदाराचे ऐकून उत्तर देतो का, अडला तर दुसऱ्या शब्दांत सांगून पुढे जातो का, याला जास्त गुण असावेत. व्याकरणाच्या चुकीने अर्थच बिघडला, तरच गुण कापावेत. उच्चाराबद्दल स्पष्ट सूचना हवी : समजतो तो उच्चार चांगला. माणदेशी वळणाचे इंग्रजी हे इंग्रजीच आहे. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या ज्या मुलांना शाळेतली मराठीच दुसरी भाषा आहे, त्यांच्या बाबतीत तर ही सूचना अधिकच गरजेची आहे. अडखळत बोलणाऱ्या व कमी ऐकू येणाऱ्या मुलांना जादा वेळ आणि पर्यायी पद्धत मागितल्याशिवाय मिळावी.

गुणांची खैरात थांबवण्यासाठी चाचण्यांचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून शाळेत ठेवावे आणि विभागीय मंडळाने प्रत्येक शाळेतील मोजक्या जोड्या ऐकाव्यात. पालकांची लेखी संमती घ्यावी, निकालानंतर मुद्रण पुसावे आणि ते कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर जाऊ नये. एक काळजी मात्र घ्यावी. सराव न देता नुसती तपासणी कडक केली, तर आज जी मुले घाबरतात, ती उद्या नापासही होतील. त्यामुळे पहिले वर्ष तपासणी केवळ मार्गदर्शनासाठी असावी, गुण कमी करण्यासाठी नको.

सरावासाठी नवे पुस्तक नको. बालभारतीच्या पुस्तकांत जोडीने बोलायचे उपक्रम आहेत, ते पेपरात येत नाहीत म्हणून गाळले जातात. नववी-दहावीच्या इंग्रजीच्या रोजच्या तासिकेतील दहा मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे परिपत्रक निघावे. तीस जोड्या एकदम बोलू लागल्या की गलका होणारच. मुख्याध्यापकांनी तो सहन करावा, असे त्याच परिपत्रकात लिहून मिळाले तर फार बरे होईल.

इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांना बोलण्याचा सराव हवा आहे. इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राबवलेल्या तेजस प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट जवळच्या शाळेत नियमित एकत्र बसत. छत्रपती संभाजीनगर येथील राज्य आंग्ल भाषा संस्थेच्या मदतीने माध्यमिक शिक्षकांसाठी तसे गट तालुक्या-तालुक्यांत सुरू व्हावेत, यासाठी मंडळाने शिक्षण विभागाकडे शिफारस करावी.

जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी या मागण्यांवर निर्णय व्हावा, आणि त्याआधी आमच्या पाच प्रतिनिधींना आपल्या भेटीची वेळ मिळावी, ही नम्र विनंती. वर सुचवलेल्या गुणतक्त्याचा कच्चा मसुदा आणि जोडीचाचणीसाठी तयार केलेली चित्रे व प्रसंग आम्ही भेटीच्या वेळी सोबत आणू.

आपले विश्वासू,
इंग्रजी विषयाचे शिक्षक व पालक,
सातारा जिल्हा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे