पाचांची कमाई, एकाचे खाते

एन.बी.ए. या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या गुणतक्त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे अधिक वा उणे असा एक आकडा असतो. तो खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने प्रतिपक्षापेक्षा किती गुण जास्त वा कमी मिळविले, एवढाच त्याचा अर्थ. खेळ पाच जणांचा. नोंद मात्र एकाच्या नावे! चार निष्णात सहकाऱ्यांच्या आधाराने सामान्य खेळाडूही ‘अधिक’ ठरतो आणि दुबळ्या संघातील गुणवंत ‘उणे’.

हा दोष जाणकारांच्या ध्यानी आला नाही असे नव्हे. डॅन रोझेनबॉम या अर्थशास्त्रज्ञाने २००४ साली सहकारी व प्रतिस्पर्धी यांचा प्रभाव गणिताने वजा करण्याची रीत मांडली. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटिएची वैयक्तिक गुणसंख्या बेताचीच असे. पण तो खेळताना संघ सरस ठरे, हे अशाच आकड्यांनी उघड केले.

परंतु दोन खेळाडू सदैव जोडीनेच मैदानात उतरत असतील, तर श्रेय कोणाचे किती, हे कोणते समीकरण सांगणार? अल्चियन आणि डेमसेट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हीच अडचण दाखविली होती. दोघांनी मिळून जड माल ट्रकवर चढविला, तर केवळ एकूण मालावरून एकेकाचा वाटा निघत नाही; काम चालू असताना पाहणारा कोणी लागतो. बास्केटबॉलमध्ये तो प्रशिक्षक. खेळाडूचा करार ठरविताना, विशेषतः तो पराभूत संघातून येत असेल तेव्हा, प्रशिक्षकाची साक्ष आकड्याच्या आधी घेतली गेली पाहिजे.