भाद्रपदातील द्राक्षबाग

युरोपात सरोवराकाठची द्राक्षे पिकतात ती शरद ऋतूच्या आरंभी. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या उत्तर तीरावर लाव्हो नावाचा उतरणीचा मुलूख आहे. तेथील दगडी बांधांच्या पायऱ्या ख्रिस्ती मठवाशांनी मध्ययुगापासून रचीत आणल्या आणि २००७ साली त्या मुलखाची गणना जागतिक वारशात झाली. तेथील लोक अभिमानाने सांगतात की, आमच्या वेलींना तीन सूर्य आहेत : एक आकाशातला, दुसरा पाण्यावरून परावर्तित होणारा आणि तिसरा दिवसभर तापून रात्री ऊब देणाऱ्या भिंतींतला. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे तोडणी होते आणि नंतर वेल बर्फाखाली निजतो.

आपल्याकडे असा मुलूख पाहावयाचा तर नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या काठी जावे. यंदा पितृपक्षात त्र्यंबकेश्वरी एक कार्य होते, ते उरकून आम्ही तिकडे वळलो. निघताना सराफ्यातील शेजारच्या वहिनींनी बजावले होते, “भाऊसाहेब, नाशिकला जाताच आहात तर दोन किलो द्राक्षे आणा हो!” सराफ्याच्या तोंडाशी द्राक्षांच्या हातगाड्या लागतात त्या माघ-फाल्गुनात, भाद्रपदात नाशिकच्या वेलीवर द्राक्ष नसते. तरी आम्ही ‘बरे’ म्हणून पिशवी घेतली. शेजारधर्म द्राक्षांहून मोठा.

इंदूरच्या माणसाला हा रस्ता परका नाही. खलघाटाला नर्मदा ओलांडावी, बिजासनच्या घाटात देवीला हात जोडावे, धुळे-मालेगाव मागे टाकावे की चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल येतो. पुढे पिंपळगाव, ओझर, आणि दुतर्फा मांडवच मांडव.

धरणाच्या काठी आमच्या मामेभावाची तीन एकर बाग आहे. मामांची मूळ जमीन याहून पुष्कळ होती, ती धरणात गेली. गोदावरीवरील हे मातीचे धरण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पर्वातले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या विहिरीची दगडी कड दिसते, असे मामा सांगत. आम्ही गेलो तेव्हा धरण तुडुंब होते, तेव्हा कड कुठली दिसणार! लाव्होच्या वेलींना सरोवर ऊन देते, येथील वेलींना ते पाणी देते. आणि तेही मोजून, कारण याच पाण्यावर नाशिक शहराची तहान भागते आणि पाऊस उणा झालेल्या वर्षी खाली जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप ठरवून दिले आहे. काठावरच्या शेतकऱ्याला ते पटतेच असे नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचारले तर तो अर्थातच दुसरी बाजू सांगेल.

बागेत छाटणी चालली होती. ही गोष्ट जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. थंड देशात हिवाळा वेलीला झोपवतो आणि वसंत जागे करतो. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून आपल्या बागाईतदारांनी वर्षातून दोनदा कात्री चालवण्याची रीत बसवली. तोडणीनंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिने नव्या काड्या येतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत घड धरतो, पण दिसत नाही. मग पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. तिने तो घड बाहेर पडतो आणि पुढे चार-साडेचार महिन्यांत हाती येतो. गोडी छाटणी हे नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण ज्याने ठेवले त्याला भाषेचा कान होता.

छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना एक औषध लावतात, त्याला तिकडे ‘पेस्ट’ म्हणतात. ते विषारी असते. मजुरणी हातमोजे घालून एकेका डोळ्याला बोळा लावीत होत्या. सारे डोळे एकदम फुटावेत यासाठी हा खटाटोप. छाटणी आगाप करावी तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर येतो आणि डावणी रोग घड खाऊन टाकतो. मागास करावी तर फळ उन्हाळ्यात सापडते. मामेभाऊ आकाशाकडे पाहून म्हणाला, “आण्णा, तुमच्या परीक्षेचं वेळापत्रक तरी छापून येतं. आमचं वरून येतं.”

त्याची बाग खाण्याच्या द्राक्षांची नव्हे, वाईनच्या द्राक्षांची आहे. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आणले आणि गावोगाव लोकांनी शेनिन ब्लां, शिराझ अशा परदेशी नावांच्या वेली लावल्या. पुढे २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि टाक्यांत वाईन पडून राहिली. एका कंपनीने मामेभावाशी केलेला करार पाळला नाही. घड वेलीवरच सुकले. कित्येकांनी बागा उपटल्या. यानेही अर्धी उपटली आणि उरलेली अर्धी का ठेवली ते त्याला आजही धड सांगता येत नाही. आज तीच बाग घर चालवते.

त्याची थोरली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्‌सी. झाली आणि जवळच्याच एका वाईनरीत किण्वन विभागात काम करते. आमचे तिकडे जाण्याचे खरे कारण तीच. इंदुरातील एका सुस्थित घराण्यात तिचे स्थळ आम्ही सुचविले होते. पत्रिका जमली, मुलगाही अनुकूल. पण मुलाच्या मातोश्रींच्या कानी आले की मुलगी ‘दारूच्या कारखान्यात’ आहे. त्यांनी आम्हांस निरोप पाठविला : आपण स्वतः पाहून या आणि सांगा.

तेव्हा पाहिले. शेतात हंगाम नसला की कारखान्यातही शांतता असते. ऐन जानेवारी ते मार्च रात्रीचा दिवस होतो, कारण द्राक्षे थंड वेळी तोडून आणावी लागतात. पांढऱ्या वाईनला रस लगेच पिळून वेगळा काढतात आणि गार टाकीत सावकाश आंबवतात. लाल वाईनला सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. हे आम्हांस तिने सांगितले, आणि असे सांगितले की आमच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकांनी ऐकावे. मग दोन पेले पुढे ठेवून म्हणाली, “काका, पिऊ नका, नुसता वास घ्या.” एकाला पेरूचा वास होता, दुसऱ्याला मिऱ्याचा. पेरू नाही, मिरे नाही, केवळ द्राक्ष आणि यीस्ट. आम्ही थक्क झालो.

आम्ही पीत नाही. पित्याच्या व्यसनापायी शाळा सोडलेली मुले आम्ही तीस वर्षे पाहिली आहेत, तेव्हा वाईन म्हणजे नुसता फळांचा रस, हा युक्तिवाद आमच्यापुढे कोणी करू नये. तीत बारा-चौदा टक्के मद्यार्क असतो आणि तो मद्यार्कच. परंतु ज्या घरच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असते त्या घराने किण्वन या शब्दाला इतके दचकण्याचेही कारण नाही. धायटीची फुले घालून आसव उठते ते याच क्रियेने. आणि मुलीच्या परीक्षेचा विषय बाटली नव्हे, तिचे काम हा आहे. ते काम ती चोख करते. तिच्या वरिष्ठांना आम्ही भेटलो. टाकी बिघडली की रात्री दोन वाजता याच मुलीला बोलावतात, असे ते म्हणाले.

निघताना मामेभावाने नवा परिचयपत्रक आमच्या हाती दिला. नोकरीच्या रकान्यात त्याने ‘फळप्रक्रिया उद्योग’ असे लिहिले होते. मुलीने तो कागद आमच्या हातून घेतला, ते शब्द खोडले आणि स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘वाईननिर्मिती, किण्वन विभाग.’ बाप काही बोलला नाही. तिची आई म्हणाली, “असू द्या आण्णा, तिचंच बरोबर आहे.”

इंदूरला आल्यावर तो कागद आम्ही तसाच पोचता केला. मातोश्रींनी चष्मा लावून वाचला, खोडलेले शब्दही उजेडाकडे धरून वाचले. मग घडी घालून आम्हांस विचारले, “मुलगी पगार घरी देते का?” आम्ही सांगितले की, उपटलेल्या अर्ध्या बागेच्या कर्जाचे शेवटचे चार हप्ते तिनेच फेडले. त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. पितृपक्षात शुभ बोलणी नकोत, घटस्थापना झाली की मंडळींना घेऊन या, असे त्या शेवटी म्हणाल्या आणि कागद त्यांनी देवघराच्या फडताळात ठेवला.