टर्बोवरचा जुना आळ

फॉर्म्युला वनच्या चाहत्यांत एक समज दृढ झाला आहे: खरी शर्यत म्हणजे टर्बोविरहित इंजिनांची गर्जना, आणि टर्बो हे मागाहून घुसवलेले परके यंत्र. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायम यांनी व्ही-१० इंजिने परत आणण्याचा विचार बोलून दाखवला आणि या समजाला राजमान्यतेचा मुलामा चढला. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. म्हणून हा धागा.

टर्बोला परके म्हणणाऱ्यांनी उमरीच्या रेल्वे स्थानकाची आठवण ठेवावी. मुदखेड-धर्माबाद मार्गावरून वर्षानुवर्षे काळा धूर ओकत गेलेल्या डिझेल इंजिनांच्या पोटात टर्बोच होता. बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबायची, एवढीच ती युक्ती. उसाने लादलेल्या ट्रकची चढावरची शीळ ओळखणाऱ्या चालकाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

शर्यतीच्या मैदानातही टर्बो उपरा नव्हे. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत फ्रेड अगबाशियन याने कमिन्स कंपनीची टर्बो डिझेल मोटार पहिल्या क्रमांकाच्या स्थानावर उभी केली. शर्यतीत टर्बोच्या तोंडाशी कचरा अडकला आणि मोटार थांबली. पण वेगाचा मुद्दा सिद्ध झाला होता. बरोबर दहा वर्षांनी याच कमिन्सने पुण्यात किर्लोस्करांशी भागीदारी करून डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. महाराष्ट्रातील चाहत्याने टर्बोला पाहुणा म्हणावे, हा म्हणूनच विनोद आहे.

आता नियमांकडे. १९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये दोन पर्याय खुले होते: ३ लिटरचे साधे इंजिन, किंवा दाबाने हवा भरणारे १.५ लिटरचे. म्हणजे टर्बोने कोणताही नियम मोडला नाही. अकरा वर्षे त्या दाराकडे कोणी फिरकलेच नव्हते. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनॉने ते उघडले. जाँ-पिएर जाबुईची पिवळी मोटार वाटेतच बंद पडली, वारंवार पडत राहिली आणि इंग्रजी संघांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले. १ जुलै १९७९ रोजी दिजाँला तीच रेनॉ जिंकली. हसू तिथे थांबले आणि तक्रारी सुरू झाल्या.

तक्रार करणाऱ्यांचे सोवळेपणही पाहण्याजोगे होते. १९८२ च्या ब्राझील शर्यतीत ब्रेक थंड करण्याच्या नावाखाली पाण्याच्या टाक्या बसवून, ते पाणी वाटेत सांडून, मोटारी ठरलेल्या वजनाहून हलक्या पळवण्यात आल्या. जिंकलेला नेल्सन पिके आणि दुसरा आलेला केके रोजबर्ग दोघेही बाद ठरले. पिकेची ती मोटार साध्या इंजिनाची होती. पुढच्याच वर्षी तो ब्रॅबहॅम संघाकडूनच, बीएमडब्ल्यू टर्बोच्या जोरावर, जगज्जेता झाला! तत्त्वाचा प्रश्न असा झटपट सुटतो.

बंदीच्या समर्थकांची एक बाजू मान्य केली पाहिजे. १९८६ च्या सुमारास पात्रता फेरीतील इंजिने हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली होती. चार-दोन फेऱ्यांपुरती बांधलेली इंजिने फेकून दिली जात. खर्चाची ओरड खोटी नव्हती. परंतु सुरक्षेच्या युक्तिवादाला त्याच वर्षी एलिओ दे अँजेलिसच्या मृत्यूचा आधार देण्यात आला, तो निखालस लबाडीचा. पॉल रिकार येथील सरावात त्याच्या मोटारीचा मागचा पंख निखळला होता आणि मदतीला पुरेशी माणसे जागेवर नव्हती. इंजिनाने त्याचा जीव घेतला नाही.

बंदीचा निर्णय १९८६ मध्येच झाला; अंमल १९८९ चा. मधल्या काळात टर्बोला आवळत नेले. १९८७ मध्ये दाब ४ बार, १९८८ मध्ये २.५ बार आणि इंधन अवघे १५० लिटर, तर प्रतिस्पर्ध्यांना ३.५ लिटरची मुभा आणि इंधनाला मर्यादाच नाही. निकाल काय लागला? सोळापैकी पंधरा शर्यती मॅक्लारेन-होंडाने जिंकल्या. उरलेली मोंझाची फेरारीने, तीही टर्बोनेच. कमी इंधनात अधिक काम करणारे यंत्र नेमके त्याच क्षणी हद्दपार झाले.

ज्या व्ही-१० ला आज ‘परंपरा’ म्हणून मिरवले जाते, ती १९८९ मध्ये या बंदीच्या पोकळीतच फॉर्म्युला वनमध्ये अवतरली, आणि २००० पासून तर नियमानेच सक्तीची झाली. २००५ अखेर तिचे राज्य आटोपले. परंपरेचे वय एवढेच.

२०१४ मध्ये टर्बो परतला तो १.६ लिटरचा, विजेच्या जोडीने आणि शर्यतीला १०० किलो इंधनाच्या मर्यादेत. भारतातील शेवटची ग्रां प्री २७ ऑक्टोबर २०१३ ची, साध्या व्ही-८ ची. म्हणजे फॉर्म्युला वनच्या टर्बोला नावे ठेवणाऱ्या येथील बहुतेकांनी तो दूरचित्रवाणीवरच ऐकला आहे. डिसेंबर २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा पहिला भारतीय, मुंबईचा जेहान दारूवाला, ज्या मोटारीत बसला होता तिच्यात ३.४ लिटरचे व्ही-६ इंजिन होते, टर्बोसह.