दोन समुद्रांचा डोंगर

हवा पालटावयाची म्हणजे चिखलदरा किंवा महाबळेश्वर, असें आमच्यांतील पुष्कळांनीं ठरवूनच टाकलेलें असतें. परंतु घराजवळचे डोंगर आपण कधीं पायांखालीं घातले आहेत काय? गेल्या मार्गशीर्षांत बुलढाण्यास गेलों असतां हा प्रश्न आम्हांसच पडला.

बुलढाणा हें गांव अजिंठ्याच्या रांगेवर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलें आहे. पहांटे गांवाबाहेरील एका उघड्या माळाचा चढ आम्हीं धरला. वाट मुरमाची, दोहों बाजूंस वाळलेली कुसळी, मधून काळा कातळ, एखादा पळस. देऊळ नाहीं, दुकान नाहीं. वाऱ्याखेरीज कसलाहि आवाज नव्हता. माथ्यावर पोंचतांच पुतण्यानें विचारलें, "काका, एवढें चढून येथें पाहण्यासारखें काय आहे?"

आम्हीं त्यास तांब्यांतील उरलेलें पाणी धारेवर ओतावयास सांगितलें. थोडें उत्तरेस ओघळलें, थोडें दक्षिणेस. ह्या रांगेच्या उत्तर उतारावरील पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा ह्या नद्यांवाटे पूर्णेस व पुढें तापीबरोबर अरबी समुद्रास जातो. दक्षिणेकडील पाऊस पैनगंगेंतून वर्धा, प्राणहिता व गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळतो. पैनगंगा उगम पावते ती ह्याच डोंगरांत.

मुलगा बराच वेळ गप्प उभा होता. मग आम्हीं त्यास पूर्वेकडील ज्ञानगंगा अभयारण्याची दिशा दाखविली. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा एक तरुण वाघ सुमारें १,३०० किलोमीटर चालून त्या रानांत आला होता. त्याच्या गळ्यांतील पट्ट्यामुळें त्याची वाट नकाशावर उमटली. शेतें, सडका ओलांडीत तो आला, तो अशाच आडरानांच्या आधारानें.

लोक अशा माळास पडीक म्हणतात. एखादी काडी टाकून गवत पेटवितांना कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु तेंच गवत पावसास धरून ठेवतें व जमिनींत मुरवितें. डोंगर बोडका झाला, तर पाणी माती घेऊन धांवत सुटेल आणि दोन्हीं पायथ्यांच्या विहिरी चैत्रांतच तळ दाखवितील.

यंदाच्या हिवाळ्यांत वाचकांनीं मुलांस घेऊन आपल्या गांवचा असा एक डोंगर अवश्य चढावा. सोबत पाणी असावें, उन्हें चढण्यापूर्वीं परतावें, आणि आगकाडी मात्र घरींच ठेवावी.